ज्या वर्षी तलावात पाळणा दिसला नाही

पत्रक एस.टी. सुटायच्या आत वाचून संपलं पाहिजे. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. कंडक्टरने घंटी मारली आणि माणूस अजून दुसऱ्या परिच्छेदात अडकला असेल, तर तो कागद खिडकीबाहेर जातो, नाहीतर फुटाण्यांखाली. दुसरा नियम, एका पत्रकात एकच मागणी. तिसरा, मागणी ज्याच्याकडे असेल त्या साहेबाचं पदनाम ठळक छापायचं. साहेब बाकी काही वाचत नाहीत. स्वतःचं पदनाम वाचतात.

'धंदा' म्हटलं की संघटनेतली जुनी माणसं रागावतात. चळवळ म्हण, म्हणतात. पण मी पूर्णवेळ कार्यकर्ती आहे, मानधन घेते, नवीन जालन्यात एका बँकेच्या डोक्यावर आमची खोली आहे तिचं कुलूप रोज सकाळी मी उघडते. याला नोकरी म्हणायचं नाही तर काय? या अंकात निवृत्त स्टेशनमास्तर आणि निवृत्त तहसीलदारांच्या पंगतीत संपादकांनी मला बसवलंय. माझे केस अजून काळे आहेत आणि राग ताजा आहे. सांभाळून घ्या.

गिऱ्हाइकं आम्हालाही असतात, आणि एकेक नमुना असतो. स्टेशनजवळचा भजीवाला प्रत्येक पत्रकाची दाद देतो. "ताई, कागद एक नंबर तुमचा. शाई भज्याला लागत न्हाई." एक गृहस्थ दर महिन्याला येतात आणि विचारतात, विषय कुठलाही असू द्या, कोपऱ्यात आमच्या वडिलांचा फोटो बसेल का? कीटकनाशकाचं पत्रक काढलं तेव्हा फवारणीवाले आले नाहीत, ज्या बायकांना दारूबंदी हवी होती त्या आल्या. माझं नाव संघमित्रा. बाजारात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून मी मित्राताई झाले. मागून 'पत्रकवाली' म्हणतात, तेही ठाऊक आहे.

पण सांगायचंय ते माशांचं. नव्वदचं दशक सरत होतं तेव्हाचं. गावाचं नाव लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल. केदारखेड्यापासून फार लांब नाही एवढं पुरे. मी केदारखेड्याचीच. वडील तिथे शाळामास्तर होते.

पार्वतामावशी खोलीत आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. मी समजले, खायला काही आणलं. भोयांच्या घरची बाई, आठवडी बाजारात मासे विकणारी, नवरा वारलेला, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा तराजू हलावा. बसल्या नाहीत.

"तू ते पोटातल्या पोरी बघायच्या मशिनीचं पत्रक काढल्तं ना?"

"हो, मावशी."

"मंग हे बघ. आमच्या तळ्यात बी तीच मशीन बसली वाटतं."

डबा उघडला. बोटाएवढ्या खवल्या होत्या. आपल्याकडे नदीत, नाल्यात, तलावात सगळीकडे सापडणारा हा लहान मासा. पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत यातल्या नराच्या अंगावर तांबूस पट्टा चढतो. भोई त्याला नवरदेव म्हणतात. मादी रुपेरीच राहते, फक्त पोट भरून येतं. ती नवरी.

"मोज, कितीक नवरदेव हायेत ते."

मोजायची गरज नव्हती. डब्यात सगळे तांबडे.

"असं वऱ्हाड बघितलंस का कधी? सगळे नवरदेव, नवरी एक न्हाई. या मोसमात चाकू लावला की अंड्यांची गाबोळी निघायची. आता फाडून राह्यले फाडून राह्यले, पोटं कोरडी. दोन-चार तर अशे निघाले, अंगावर पट्टा नवरदेवाचा आन् पोटात जराशी गाबोळी. हे काय लग्न म्हणावं?" आणि मग आवाज खाली आला. त्या बाईचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "या साली पाळणा बी दिसला न्हाई, पोरी."

पाळणा म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मरळ मासा अंडी घालून निघून जात नाही. पिलं निघाली की ती लालभडक असतात, आणि शेकड्यांनी एकत्र राहतात. श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात, तेव्हा पाण्यावर कुंकवाची मूठ विरघळल्यासारखा गोल दिसतो, आणि तो गोल सरकत राहतो. खाली आई आणि बाप दोघं राखणीला असतात. याला भोई पाळणा म्हणतात. पाळण्याखालची मरळ कुणी धरायची नाही. हा कायदा कुठल्या खात्याने केलेला नाही, म्हणून तो पाळला जातो.

तलाव लहानसा, सरकारी, भोयांच्या मच्छिमार संस्थेकडे ठेक्याने होता. संस्था रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, आणून सोडायची, पण रोजच्या बाजाराची पाटी भरायची ती तलावातच वाढणाऱ्या खवल्यांनी आणि मरळीने. ठेक्याची मुदत संपत आली होती. तलावात मासाच नाही असं ठरलं की संस्था बुडाली, आणि तलाव वरच्या शेठकडे जाणार हे गावात उघड बोललं जात होतं. वरचा शेठ म्हणजे जालन्याचा बियाण्यांचा व्यापारी. नाल्याच्या अंगाला जमीन घेऊन त्याने माशांची तळी काढली होती. चिलापी नावाचा बाहेरचा मासा. मावशींचा संशय तिथेच होता.

मी दुसऱ्याच दिवशी त्या तळ्यांवर गेले. तिथला मॅनेजर विलास, अंबडकडचा, मत्स्यशेतीचं रीतसर शिकून आलेला, माझ्याच वयाचा. मला वाटलं होतं लपवाछपवी करेल. कसली लपवाछपवी! त्याला कौतुकाने सांगायचं होतं आणि ऐकणारं कुणी भेटत नव्हतं.

"मॅडम, चिलापीची मादी लई लवकर अंडी घालते. तळं पिलांनी भरून जातं, मंग एकबी मासा वाढत नाही. म्हणून आपण सगळे नरच करून टाकतो."

"करून टाकतो म्हणजे?"

"पिलू निघालं की थोडे दिवस त्याचं शरीर ठरवतच असतं, नर व्हायचं का मादी. तेवढ्यात खाद्यातून नराचं हार्मोन द्यायचं. कारखान्यात बनवलेलं. मद्यार्कात विरघळवायचं, खाद्यावर शिंपडायचं, सावलीत वाळवायचं. बस. मादी व्हायची ती पण नर होते."

"आणि पिलांनी न खाल्लेलं खाद्य? त्यांची विष्ठा?"

"पाणी बदलतो ना रोज."

"बदललेलं जातं कुठं?"

त्याने सिमेंटच्या पाटाकडे हात केला. पाट नाल्याला, नाला तलावाला. "पाणीच आहे मॅडम," तो म्हणाला. "त्यात ॲसिड नाही की औषध नाही. पिऊन दाखवू का?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. मला संताप आला तो याचाच. लबाड माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं सोपं असतं.

आता आमच्या कामाचा दुसरा भाग, नमुना. स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने विसळलेली, काठोकाठ भरलेली, वर लाख, पंचांच्या सह्या. आम्ही तलावाचं पाणी असं घेतलं आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं, पाणी निर्दोष. आम्लता बरोबर, क्षार बरोबर, सगळं बरोबर. बरोबरच येणार! त्यांनी ते तपासलं जे तपासायची सोय त्यांच्याकडे होती. चोर घरात शिरला का असं विचारलं आणि त्यांनी दाराचा रंग तपासून दिला. संप्रेरक इतकं थोडं लागतं की साखरेच्या खड्याएवढं आख्ख्या विहिरीत टाकावं तसं. ते हुडकायचं यंत्र आपल्या बाजूला कुणाकडेच नव्हतं.

डब्यातल्या खवल्या मी जालन्यातल्या एका प्राध्यापकांकडे नेल्या. प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांनी चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि मला डोळा लावायला सांगितलं. काही माशांमध्ये नराचा आणि मादीचा भाग एकाच अवयवात शेजारी शेजारी होता. मला ते एरवी कळलं नसतं, त्यांनी पेन्सिलीने चित्र काढून दाखवलं. म्हणाले, "मादीपण मध्येच थांबवलंय कुणीतरी."

"सर, हे लिहून द्या."

"दिसलं ते लिहून देतो. कशामुळे झालं ते नाही देऊ शकत. मला ते माहीत नाही, बाई. तुम्हालाही नाही."

मी तेव्हा त्यांना मनात भित्रा म्हटलं. आजही थोडं म्हणते.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा, 'पोरी माणसांच्या संपवल्या, आता माशांच्याही!' मला तो इतका आवडला की प्रुफावर मी तो दोनदा मोठ्याने वाचला. गठ्ठा छापून झाला आणि मी तो घेऊन तलावावर गेले. संस्थेचे चेअरमन दगडूमामा, मावशींचे दीर, यांनी एक प्रत घेतली, सावकाश वाचली, बाकीच्यांना वाचून दाखवली.

"मथळा भारी हाय ताई," मामा म्हणाले. "पण हे बाजारात वाटलं तर आमची पाटी कोन घेईल?"

"मामा, लोकांना कळायला नको का?"

"कळू दे की. पण काय कळेल? लोकं यवढं मोठं वाचत न्हाईत. त्यांना यवढंच कळेल, या तळ्याचा मासा खाल्ला की गडी बायको होतो."

"तसं लिहिलेलं नाही त्यात!"

"लिहिलंय काय ते सोड," मावशी म्हणाल्या. "तू बाजारात बसत न्हाईस. मी बसते."

माणसाच्या पोटात त्यातलं किती जातं, मला तेव्हा माहीत नव्हतं. आज विचाराल तरी छातीठोक सांगणार नाही. पण म्हणून गप्प बसायचं? बोललो तर आज बाजार मरतो, गप्प बसलो तर उद्या तलाव मरतो. तलावाकाठच्या झाडाखाली बराच वेळ भांडण चाललं. शेवटी मामांनी गठ्ठा उचलून माझ्या मोटारसायकलला परत बांधला. सुतळीची गाठही त्यांनीच मारली, घट्ट.

आणि पुढच्या बाजाराला तेच झालं, पत्रक न वाटता! आम्ही चौकशी करून राह्यलो हे शेठच्या माणसांना कळलं होतं. त्यांनी बाजारात आवई सोडली, भोयांच्या तलावातले मासे खाऊ नका, मूल होत नाही. हेतू साधा होता. संस्थेची विक्री बसली की ठेका आपसूक सुटतो. मी तिथे होते. मावशींच्या पाटीसमोर एक जण थांबला, हसला, मित्राला कोपराने ढोसून म्हणाला, "घे रे, तुला तर चारी पोरीच हायेत, तुला काय फरक पडतो?" दुसरा म्हणाला, "मावशी, तुम्ही सोताच खाता का हे?"

"खाते तर!" मावशी कडाडल्या. "म्हणूनच तर मिशा फुटून राह्यल्यात मला. बघायच्यात का जवळून?"

लोक हसले. पण पाटी कुणी घेतली नाही. ती भरलेलीच घरी गेली, आणि मला वाटलं, आता पंचनामा लागणारच.

पंचनामा म्हणजे पंचांनी डोळ्यांनी पाहिलेलं, तेवढंच. वाटलेलं नाही, ऐकलेलं नाही. कार्यकर्त्याचं अर्धं आयुष्य साहेबाला खुर्चीतून उठवून जागेवर आणण्यात जातं. अर्ज, मोर्चा, पुन्हा अर्ज. आलेच शेवटी, आणि नेमके अंडी घालायच्या मोसमात आले, हे आमचं नशीब. मत्स्यखात्याचे साहेब, तलाठी, दोन पंच. शेठ आला नाही. त्याचा मुनीम आला आणि विलास.

दगडूमामांच्या माणसांनी खोल पाण्यात जाळी टाकली. निघाले ते फाडले. नवरदेव, नवरदेव, नवरदेव. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "हे खोल पाण्यातलं झालं. या दिवसांत माद्या अंडी घालायला काठाच्या उथळात जातात. तिथं नाहीत कशावरून? तिथं जाळं टाका."

मुनीम म्हणाला, "बराबर बोलले साहेब. दाखवायचं ते दाखवून राह्यलेत हे लोक."

बोलणं शास्त्राला धरून होतं. उथळ म्हणजे नाला तलावाला मिळतो तो गवताळ कोपरा. भोई त्याला माहेर म्हणतात. बाळंतपणाला नवरी तिथे जाते. आणि पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत माहेरात जाळं पडत नाही. गळ नाही, फेकायचा पाग नाही, गुडघ्याच्या वर कुणी पाण्यात जातसुद्धा नाही. अन् शेठच्या तळ्यांचं पाणी येऊन मिळत होतं तेही नेमकं तिथेच.

"माहेरात जाळं न्हाई पडत, साहेब," मावशी म्हणाल्या.

"मग मी तसं लिहितो. संस्थेने जागा तपासू दिली नाही."

मुनीमाने तलाठ्याकडे पाहिलं. तलाठ्याने पेनचं टोपण काढलं. ते वाक्य एकदा कागदावर गेलं की सगळं संपलं असतं.

"मावशी," मी म्हणाले, "आजच्या दिवस टाकू द्या. एकदाच."

"एकदाच काय असतं गं? एकच नवरी उरली असली आन् तीच जाळ्यात आली तर?"

"आणि पुरावा नाही मिळाला तर ती एक तरी किती दिवस उरेल?"

"तुला कागद पायजे. मला तळं पायजे."

"कागदाशिवाय तळं राहत नाही, मावशी! कधीच राहिलेलं नाही!"

मी ओरडले होते. दगडूमामांनी दोघींकडे पाहिलं, जाळं खांद्यावर घेतलं आणि माहेराकडे चालू लागले. मावशी त्यांच्या पुढून गेल्या, लुगड्यासकट पाण्यात उतरल्या आणि गवतात उभ्या राहिल्या. दिराकडे कधी वर मान करून न बोललेली बाई.

"भाऊजी, टाका. पहिली मी सापडेन."

मामा थांबले. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, हेच मला विशेष वाटलं.

आणि मग विलास बोलला. "जाळं नकाच टाकू."

मुनीम चमकला. "तू कामून मध्ये बोलून राह्यला?"

"जाळ्यात मादी आली तर ह्या म्हणतील एकच आली. नाही आली तर आपण म्हणू निसटली. त्यानं काही सिद्ध होत नाही, साहेब. जिरं बघा. मादी असली तर जिरं असणारच."

जिरं म्हणजे नुकती निघालेली पिलं. जिऱ्याएवढी, काचेसारखी, फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. ती पकडायला पांढरं तलम कापड लागतं, आणि ते विलासच्या गाडीच्या डिकीत नेहमी असायचं, कारण तेच त्याचं रोजचं काम होतं. कापड पाण्याखाली धरायचं, सावकाश उचलायचं, पाणी निथळतं, जिरं उरतं. बघून परत सोडायचं. कुणी मरत नाही.

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये," म्हणाल्या. "चप्पल काढ."

तो पँट दुमडून उतरला. कापडाचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मावशींच्या हातात दिलं. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला खात्री होती. अंगणातलं भांडण मिटवायला आलेल्या मोठ्या भावाची असते तशी. कापड वर आलं. बेडूकमासे होते, पाणकिडे होते, एक गोगलगाय होती.

"इथं सावली आहे," तो म्हणाला. "थोडं पुढं."

पुढे गेले. पुन्हा बेडूकमासे. गवताच्या मुळाशी गेले. नाल्याच्या तोंडाशी गेले. मावशी तो म्हणेल तिथे टोक धरून उभ्या राहत होत्या. त्याच्या शर्टाच्या बाह्या भिजल्या होत्या. तो आता साहेबांकडे बघत नव्हता, आमच्याकडे नव्हता, मुनीमाकडे तर नव्हताच. कापडावर वाकून शोधत होता.

"यंदा पाऊस उशिरा झाला," तो स्वतःशी बोलल्यासारखं बोलला. "कदाचित कुठंच नसेल."

मग आपणच उठला, आणि बांधापलीकडे निघाला. तिथे दुसऱ्या ओढ्याचं एक डबकं होतं. शेठचं पाणी तिकडे जात नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आम्ही सगळे मागोमाग गेलो, साहेबसुद्धा, चिखलातून. विलासने एकट्यानेच कापड बुडवलं आणि उचललं.

कापड वळवळत होतं. उन्हात ते चमकत होतं, आणि काळ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं.

त्याने ते लगेच पाण्यात परत धरलं, हलकेच, सगळं सुटेपर्यंत. मग तसाच बसून राहिला.

साहेब म्हणाले, "तुमच्या तळ्यांचं पाणी नाल्यात जातं का?"

मुनीम खाकरला. मोठ्याने खाकरला.

"जातं," विलास म्हणाला.

"हार्मोन देता त्या दिवसांतलं पण?"

"त्या दिवसांतलं जास्त जातं साहेब. तेव्हा पाणी जास्त बदलावं लागतं."

"लिहू का?"

"लिहा. मी सही करतो."

एवढंच झालं. घोषणा नाही, टाळी नाही. मी कितीतरी मोर्चे काढलेत, इतकी शांत जीत पाहिली नव्हती. आणि मला ती जीत वाटतही नव्हती. मला त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

खात्याचं पत्र आलं ते नेहमीसारखंच शेपूट घालून. कारण निश्चित सांगता येत नाही, तथापि सदर पाणी नाल्यात सोडू नये. 'तथापि' या शब्दावर हे अख्खं खातं भाकरी खातं. पण पाट बंद झाला. शेठने काही दिवस खड्डा करून पाणी जिरवलं आणि मग तळीच बंद केली. आमच्या धाकाने नव्हे! त्याने उठवलेली आवई त्याच्याच अंगावर गेली होती. बाजाराला कुठलं तळं वरचं आणि कुठलं खालचं हे कळत नाही. जालन्याच्या खानावळींनी त्याची चिलापी बंद केली, हमरस्त्यावरच्या ढाब्यांनीही. ठेक्याच्या बोलीला तो आलाच नाही. तलाव संस्थेकडे राहिला, कारण तो कुणालाच नको होता.

विलासची नोकरी गेली, हे सांगायला नको. बरीच वर्षं गाठ नव्हती. मग एकदा शहागडला बस बदलताना तो ट्रकांच्या गर्दीतून समोर आला. कुठल्याशा रोहू-कटल्याच्या केंद्रावर होता. बरा आहेस का, कसं चाललंय, हे काही मी विचारलं नाही, त्यानेही नाही.

"जिरं आलं का?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, "अजून नाही." तेव्हा खरंच आलं नव्हतं. पाट बंद झाला तरी गाळात साठलेलं लगेच जात नाही, आणि गेलं तरी जे मासे तसेच वाढलेत त्यांचं काय करणार? त्याने मान हलवली आणि त्याची बस लागली.

मधली सालं वाईट गेली. मावशी तलावाचेच मासे दुसऱ्या धरणाचे म्हणून विकत. "सासरचं नाव सांगायची सोय न्हाई म्हणून माहेरचं सांगून राह्यले," म्हणायच्या. औषध पाण्यातून निघालं असेल, लोकांच्या तोंडातून निघायला त्याहून जास्त वेळ लागला.

मग एका पावसाळ्यात निरोप आला. ये, एवढाच. मला वाटलं मावशी आजारी. जाऊन पाहते तर त्या बांधावर बसलेल्या. बोट ओठावर ठेवून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माहेराकडे बोट केलं.

बराच वेळ काही नव्हतं. मग पाण्यावर लाल गोल उमटला. विरला. थोडा पुढे पुन्हा उमटला. खालून एक काळी पाठ वळून गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुकायच्या आत माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. काय करू, सवय आहे. "मावशी, आता पत्रक काढतेच! तलाव जिंकला म्हणून. गावाचं नाव घालून, सगळ्या तालुक्यात."

"बिलकुल न्हाई."

"अहो, पण आता बाजाराला कळू द्या ना!"

"बाजाराच्या आधी गळवाल्यांना कळतं. पाळणा दिसला की त्यात नुसता गळ सोडायचा. आई तोंड मारते, बाप बी मारतो. पिलं टाकून पळून जायची अक्कल न्हाई त्यांना." त्यांनी पाण्याकडेच बघत म्हटलं. "तू कागदानं तळं राखलंस, बराबर. आता कागदाविना राख."

मी अजूनही म्हणते, त्या दिवशी जाळं टाकायला हवं होतं. विलासच्या डिकीत कापड नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर मावशींकडे नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आणि त्या दर वेळी म्हणतात, पण होतं की नाही कापड?

छापलेला तो गठ्ठा आमच्या खोलीत अजून आहे, मामांच्या गाठीसकट. भजीवाल्याने दोनदा मागितला. दिला नाही.

आणि गावाचं नाव विचारू नका. केदारखेड्यापासून फार लांब नाही, असं मी वर लिहून गेले. तेही खोटं समजा.